अडीच फुटांवरची सुट्टी

रिसॉर्टच्या माहितीपत्रकात ‘मुलांसाठी’ या शीर्षकाखाली जे छापलेलं असतं, ते वाचताना मी आधी वयाची अट शोधते. झिपलाइन, दोरांचे पूल, तिरंदाजी, छऱ्यांची बंदूक, एटीव्ही, रेन डान्स. यांतलं बहुतेक सगळं सहा-सात वर्षांच्या पुढचं. काही ठिकाणी तर उंचीची पट्टीच भिंतीवर रंगवलेली असते. त्या पट्टीखालच्या मुलांसाठी ‘किड्स झोन’ असतो: एक वातानुकूलित खोली, तीत रंगीत चेंडूंचा हौद, प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि कोपऱ्यात चालू टीव्ही. दीड-दोन वर्षांचं मूल तिथे थोडा वेळ रमतं आणि मग दाराकडे बोट दाखवतं. आईबाबा हिरमुसतात. एवढे पैसे भरले, एवढ्या लांब आलो, आणि याच्यासाठी इथे काहीच नाही.

माझा अनुभव असा की असतं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतं. यादीत मात्र नसतं, आणि पुष्कळदा ते रिसॉर्टच्या मागच्या अंगाला असतं. बालवाडीत शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे या वयाच्या मुलांकडे बघत बसायची सवय माझ्या अंगी मुरलेली आहे. नात झाल्यापासून मुलगा आणि सून सुट्टीला निघाले की मीही बरोबर जाते, आणि तिथे ती सवय पुन्हा कामाला येते. नातीचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर. तिथून त्या आवारात काय दिसतं, हे बघायला मी शिकते आहे.

एक ते तीन या वयात मूल काय करतं? ते भरतं आणि ओततं. इथली वस्तू तिथे नेऊन ठेवतं, पुन्हा तिथली इथे आणतं. चढतं, उतरतं, परत चढतं. झाकण लावतं आणि काढतं. हातातली वस्तू सोडून देऊन ती कशी पडते ते पाहतं, आणि तेच पुन्हा पाहण्यासाठी ती उचलून द्या म्हणून आपल्या मागे लागतं. आपल्याला हा तोच तो उद्योग वाटतो. त्याच्या दृष्टीने मात्र दर खेपेला काहीतरी नव्याने पडताळून बघायचं असतं: ओला खडा पडताना वेगळा आवाज करतो का, भरलेला तांब्या रिकाम्यापेक्षा जड का लागतो, तिसऱ्या पायरीवर हात सोडला तर तोल राहतो का. या वयात मुलांना मुलांबरोबर खेळायला फारसं जमतही नाही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाची निरीक्षणं मांडली, त्यांत हे दिसतं. अगदी धाकटी मुलं शेजारी शेजारी बसून, एकाच तऱ्हेच्या वस्तूंनी, पण आपापलं खेळतात. म्हणून रिसॉर्टचा उत्साही तरुण माइक घेऊन सगळ्या मुलांना गोल उभं करतो, तेव्हा सर्वांत लहान मूल आईच्या पायांना मिठी मारून उभं राहतं. ते लाजाळू नसतं. तो खेळच अजून त्याचा झालेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही शिफारशी केल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी. एक ते दोन वर्षांच्या मुलाची दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास झोप व्हावी. एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन वर्षांच्या मुलाला फार तर तासभर. तीन तासांचा आकडा ऐकून आईबाप दचकतात. पण ते तीन तास सलग नाहीत, आणि त्यात धावणंच हवं असंही नाही. चालणं, वाकणं, ओढणं, ढकलणं, वेचणं, सगळं त्यात येतं. ज्या आवारात मुलाला मोकळं चालता येतं, तिथे ते तास आपोआप भरतात. कडेवर आणि बाबागाडीत गेलेल्या सुट्टीत भरत नाहीत, आणि मग रात्री अकरा वाजता, सगळे थकलेले असताना, मूल पलंगावर उड्या मारू लागतं.

कर्जतकडच्या एका रिसॉर्टमध्ये मला ही गोष्ट फार स्पष्ट दिसली. खोल्यांच्या ओळीपुढे पावसाचं पाणी जायला उथळ पन्हळ होती, तीत वाटोळे गोटे पसरलेले. नातीने सकाळी त्यातला एक गोटा उचलला आणि माळीकाकांच्या झारीत टाकला. टण्णकन आवाज झाला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि दुसरा गोटा आणायला गेली. मी झारी रिकामी करायला पुढे झाले तेव्हा काका म्हणाले, “राहू द्या आजी, मला दुसरी आहे.” थोड्या वेळाने त्यांनी रोपांना पाणी घालायचा एक लहान डबा तिच्या हातात दिला. मग दोघं मिळून तगरीच्या ओळीला पाणी घालत गेले. ते भराभर पुढे, ती मागून, बरंचसं पाणी स्वतःच्या पायांवर सांडत. न्याहारी संपवून सूनबाई बाहेर आली तरी हे चालूच होतं. सबंध मुक्कामात नातीने किड्स झोनचं दार पुन्हा दाखवलं नाही. सकाळी उठली की ‘काका, पाणी’ एवढंच म्हणायची.

तेव्हापासून मी कुठेही गेले की पहिल्या संध्याकाळी आवाराला एक फेरी मारते. माती उघडी कुठे आहे, नळ कुठे टपकतो, दोन-तीन बुटक्या पायऱ्या कुठे आहेत, सकाळी सावली कोणत्या बाजूला असते, कोंबड्या आहेत का, कपडे कुठे वाळत घालतात. मुलाला गुंतवणाऱ्या जागा याच. त्याच फेरीत धोक्याच्या जागाही ध्यानात येतात: गॅलरीच्या कठड्यातल्या फटी, उघडी विहीर, जनरेटरची खोली, कुत्रं कुठे बांधतात.

या सगळ्यासाठी मला सर्वांत आवडलेला मुलूख म्हणजे डहाणू, बोर्डी, घोलवड. मुंबईहून पश्चिम रेल्वेने जाता येतं. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावते, आणि लहान मुलाला आगगाडीची खिडकी मोटारीच्या मागच्या सीटपेक्षा कितीतरी अधिक देते. इथला किनारा सपाट आहे. ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की पाण्याची रेघ शोधावी लागते, आणि मधे उरते ती ओल्या वाळूची प्रचंड पटांगणं. त्यात घोटाभर पाण्याची डबकी. डबक्यात शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे. कोरड्या होत आलेल्या वाळूवर चिमुकल्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडून ठेवलेल्या बारीक गोळ्यांच्या नक्ष्या. मोठ्यांना समुद्र बघायला लाटा हव्यात, क्षितिज हवं, सूर्यास्त हवा. दोन वर्षांच्या मुलाला त्या गोळ्या पुरतात. ते वाकतं, बोट लावतं, गोळी फुटते, ते पुढच्या गोळीकडे जातं.

इथे भरती-ओहोटीची वेळ जुळवून सुट्टी ठरवावी, असं मी सगळ्यांना सांगते. मुलाला किनाऱ्यावर न्यायच्या वेळा दोनच: सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात वाळू पाय भाजते. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. आपल्या दोन्ही वेळा पाण्याखाली. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, अमावास्येलाही तेच. म्हणजे भरती भर दुपारी, मूल झोपलेलं असताना, आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे गेलं की दोन्ही वेळा किनारा मोकळा मिळतो. हे दिवस उधाणाचे असतात, त्यामुळे पाणी जितकं लांब जातं तितक्याच वेगाने परतही येतं. सपाट किनाऱ्यावर ते नुसतं समोरून येत नाही, खोलगट भागांतून बाजूनेही शिरतं. म्हणून नेमक्या वेळा त्या दिवसाच्या तक्त्यात पाहाव्यात, ओहोटी संपण्याच्या आत माघारी वळावं, आणि मुलाला पाण्याच्या रेघेपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. त्याची डबकी अलीकडेच आहेत. पावसाळ्यात तर समुद्रापासून लांबच राहावं. त्या दिवसांत किनाऱ्याला लागणाऱ्या निळ्या, फुग्यासारख्या ‘ब्ल्यू बॉटल’चा दंश मोठ्यांनाही सोसत नाही.

समुद्राला पाठ केली की चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिकूच्या जुन्या झाडाच्या फांद्या खाली जमिनीकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे फळ थेट मुलाच्या डोळ्यांसमोर लोंबतं. आंबा बघायला त्याला कडेवर घ्यावं लागतं, चिकू त्याचा त्याला दिसतो. तोडणीच्या दिवसांत टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने वरची फळं काढतात, मग ती धुऊन, आकारानुसार वेगळी करून खोक्यांत भरतात. एका वाडीत आम्ही राहिलो होतो तिथे हे काम करणाऱ्या बाईंचा मुलगा नातीच्याच वयाचा, आईशेजारी बसलेला. नात त्याच्याजवळ जाऊन बसली. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. त्याने चिकू टोपलीत टाकला, हिने टाकला. त्याने बाहेर काढला, हिनेही काढला. बाईंच्या मजुरीचा खोळंबा होऊ नये म्हणून मी नातीला उचलू लागले, तर त्या म्हणाल्या, “बसू द्या, माझाही गप बसलाय.” पार्टेनबाईंनी लिहून ठेवलेला तो शेजारचा खेळ मी अनेक वर्गांत पाहिला होता, पण एवढा शांतपणे चाललेला क्वचितच.

चिकूबद्दल एक इशारा. त्याची बी काळी, गुळगुळीत आणि टोकाला आकडी असलेली. मुलाच्या घशात अडकली तर फार वाईट. फळ देताना प्रत्येक फोडीतून बी काढलेली आहे, हे दोनदा पाहावं. खेळण्यांसाठी एक नियम वापरतात: साधारण सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. शिंपले, चिंचोके, गुंजा, गोटे सगळ्यांना हाच नियम लावावा. कर्जतचे ते गोटे मुठीपेक्षा मोठे होते, म्हणूनच मी निर्धास्त बसले होते.

बोर्डीकडे माझा ओढा आहे त्याला आणखी एक कारण आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली इथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना इथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, मॉन्टेसरी पद्धत उत्तम जाणणाऱ्या. त्या पद्धतीची साधनं महाग होती, खेड्यात आणि आदिवासी पाड्यांवर ती आणणार कुठून? म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या, दगड, माती, आजूबाजूला जे होतं तेच साधन केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. आमच्या पिढीतल्या बालवाडीच्या शिक्षिकांवर या दोघींचं ऋण आहे. मुलाच्या हाताला काय लागतं, हा प्रश्न या टेकडीवर इतक्या वर्षांपूर्वी इतक्या समजुतीने हाताळला गेला, आणि त्याच टेकडीच्या परिसरातल्या रिसॉर्टांमध्ये आज चेंडूंचे हौद येतात, याचं मला वाईट वाटतं. मालकांना दोष द्यावा असं नाही. पाहुणे तेच मागतात. पण सुरूच्या झाडाखाली सावलीत चार घमेली स्वच्छ वाळू, दोन तांबे, एक पसरट परात आणि काही करवंट्या ठेवल्या, तर तिथे एक ते तीन वर्षांची मुलं सकाळभर बसतील. त्याला वीज लागत नाही. वाळू रात्री झाकून ठेवावी लागते, मांजरं घाण करतात म्हणून, आणि मुलं बसण्याआधी ती एकदा चाळावी लागते. तेवढी देखभाल कुणीही करू शकेल.

आता तलावाबद्दल, म्हणजे पोहण्याच्या. रिसॉर्ट निवडताना तरुण आईबाप सर्वांत आधी तलावाचे फोटो पाहतात, आणि माझी चिंता तिथेच सुरू होते. बुडण्याचा धोका एक ते चार या वयात सर्वाधिक असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही; त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, ते पुढे कलंडतं आणि आवाज न होता पाण्याखाली जातं. वीतभर पाणीही पुरतं. ‘बेबी पूल’ उथळ असतो म्हणून तो सुरक्षित, असं मनात धरून आईबाप कडेला बसून फोनवर बोलत असतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो. दंडात घालायचे फुगे हे खेळणं आहे, जीवरक्षक साधन नाही. मूल पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाने त्याच्यासोबत पाण्यातच, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर असावं, आणि तो माणूस कोण हे ठरवून, नाव घेऊन सांगावं. घरातले सहाजण तलावाशी असतात तेव्हाच कुणाचंच लक्ष नसण्याची भीती अधिक. एका मोठ्या रिसॉर्टमध्ये मी तलावाला कुंपण का नाही असं विचारलं, तर फोटोत दृश्य अडतं, असं उत्तर मिळालं. आम्ही तिथे राहिलो नाही. मोठ्या तलावाला सगळीकडून कुंपण आणि आपोआप बंद होणारं, मुलाच्या हाताला न येणाऱ्या कडीचं दार असलं पाहिजे. यात तडजोड नको.

पाण्याची हौस भागवायला तलावच हवा असंही नाही. न्हाणीघरात किंवा अंगणात परातीत चार बोटं पाणी, एक वाटी आणि चाळणी, एवढ्याने तीच हौस भागते. परातीशीही आपण बसायचंच. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडे तलावाचं पाणी इतकं गार असतं की लहान मुलं काही मिनिटांत काकडतात. त्यांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर थंड पडतं. ओठ निळसर दिसायच्या आधी बाहेर काढावं.

महाबळेश्वरचे ‘पॉइंट’ मोठ्यांसाठी आहेत. दरीची खोली, समोरची डोंगररांग, धुकं हे सगळं लांबवर बघण्याचं सुख आहे, आणि दीड वर्षाच्या मुलाला त्यात रस नसतो. ते कठड्याच्या बुडाशी चाललेली मुंग्यांची रांग बघतं. त्याला एका दिवसात पाच पॉइंट फिरवणं म्हणजे पाच वेळा गाडीत कोंबणं आणि पाच वेळा उतरवणं. त्यापेक्षा एक सकाळ स्ट्रॉबेरीच्या मळ्यात काढावी. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत हंगाम असतो. वाफे जमिनीपासून वीतभर उंच, फळं वाफ्याच्या कडेला लोंबलेली, म्हणजे दोन वर्षांच्या हाताला बरोबर येणारी. तांबडं झालं की तोडायचं, हिरवं-पांढरं ठेवायचं, ही निवड नातीला येते हे मला तिथेच कळलं. फवारणी केव्हा झाली हे मळेवाल्यांना विचारावं, आणि धुतल्याशिवाय तोंडात जाऊ देऊ नये. हे दुसरं अवघड आहे. त्यासाठी आम्ही धुतलेल्या फळांचा एक डबा आधीच हाताशी ठेवतो.

माथेरानचं मोल वेगळं. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, त्यामुळे मूल रस्त्याच्या मधोमध चालू शकतं, असं ठिकाण आपल्याकडे दुसरं कुठे सापडणार! घोडे येतात, ई-रिक्षाही आता आल्या आहेत, तेव्हा लक्ष ठेवावं लागतंच. पण हात सोडता येतो. १९०७ पासूनची नेरळची छोटी गाडी सगळ्यांना खुणावते. मात्र त्या चढाला दोन तासांच्या वर लागतात आणि एवढा वेळ या वयाचं मूल बसत नाही. अमन लॉजपासून माथेरानपर्यंतची लहान फेरी त्याला पुरते. उतरल्यावर तांबड्या मातीत हवं तेवढं चालू द्यावं. खाऊ उघडा हातात मात्र देऊ नये. माकडं मुलाच्या हातातून ओढून नेतात आणि त्या झटापटीत ओरखडतात.

कृषी पर्यटन केंद्रांचाही विचार करावा. राज्य सरकारने त्यांच्यासाठी २०२० साली धोरण आणलं, आणि आता पुष्कळ जिल्ह्यांत अशी घरं आहेत. वासरू, कोंबड्या, उसाला जाणारा पाण्याचा पाट, चुलीवरची भाकरी. बैलगाडीची फेरी सगळे आग्रहाने घडवतात. लहान मूल तीत बहुधा घाबरतं. उभ्या गाडीत बसवून बैलांना लांबून कडबा खाताना बघू द्यावं. विहिरीला कठडा आणि जाळी आहे का, शेततळ्याभोवती कुंपण आहे का, हे मात्र जाण्याआधी विचारावं. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा उतार निसरडा असतो, त्यावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

मुलाला रमवायच्या गोष्टी शोधताना जेवण आणि झोप यांचा विचार वेगळा करून चालत नाही. भुकेलेलं किंवा झोपेला आलेलं मूल जगातल्या सर्वांत सुंदर किनाऱ्यावरही रडतंच. रिसॉर्टचं दुपारचं जेवण एकला सुरू होतं, आणि मुलाची भुकेची वेळ साडेअकरा. बुफेत पनीर, तंदुरी, नूडल्स असतात. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, तूप हे मागावं लागतं. मागितलं की बहुतेक ठिकाणी देतात, आणि स्वयंपाकघरातल्या मावशी आनंदाने देतात, हा माझा अनुभव. तरी मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व आमच्या पिशवीत असतंच. संध्याकाळी रेन डान्सच्या भोंग्यांनी भिंती हादरतात तिथे मूल झोपणार कसं? खोली त्या बाजूची नको, हे आरक्षण करतानाच सांगितलेलं बरं.

आणि आईबाबांची सुट्टी? हाही प्रश्न मला तितकाच जिव्हाळ्याचा आहे. मुलाच्या चालीने चालणं मी एवढं सांगते आहे, पण वर्षभर तेच करणाऱ्या सूनबाईला सुट्टीत पुन्हा तेच करायला लावणं बरोबर नाही. पुष्कळ घरांत सुट्टी म्हणजे आईने नव्या जागी जुनंच काम करणं असतं. आमच्याकडे पाळ्या ठरलेल्या आहेत. सकाळची न्याहारीपर्यंतची वेळ नात आणि मी. मुलगा आणि सून झोपू देत, फिरू देत, गप्पा मारू देत. दुपारचं भरवणं आणि झोपवणं बाबाचं. संध्याकाळ सगळ्यांची. सूनबाई एकदा दुपारभर गॅलरीत पुस्तक घेऊन बसली होती आणि कुणी तिला हाक मारली नाही, ही मला त्या सुट्टीतली मोठी गोष्ट वाटते. ज्यांच्याबरोबर आजी-आजोबा नाहीत त्यांनी दोघांत तरी वेळ वाटून घ्यावा, आणि दिवसाला एकच बेत ठेवावा. सकाळी किनारा झाला की तो दिवस झाला.

हल्ली आरक्षणाआधी फोन मीच करते. खोली तळमजल्यावर मिळेल का, गॅलरीच्या कठड्यातून मुलाचं डोकं जाईल एवढी फट आहे का, तलावाला कुंपण आहे का, साडेअकराला मऊ भात मिळेल का, गाणी किती वाजता बंद होतात, हे विचारते. याची उत्तरं पटापट येतात. मग विचारते, बागेला सकाळी पाणी किती वाजता घालतात आणि कोण घालतं? इथे पलीकडचा माणूस जरा थांबतो आणि ‘विचारून सांगतो’ म्हणतो. काही ठिकाणांहून फोन परत येत नाही. जिथून येतो आणि ‘सातला घालतात, मुलीला घेऊन या, आमचे काका सांभाळून घेतील’ असं कुणी सांगतं, तिथलं आरक्षण मी त्याच फोनवर करून टाकते.